धारेचा अंगठा

१९५७ सालच्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात, पहाटेच्या धारेच्या वेळी, माझ्या आईच्या उजव्या हाताचा अंगठा मुडपला तो पुन्हा सरळ झाला नाही. तिने तो डाव्या हाताने धरून ओढला. कट् असा आवाज झाला आणि अंगठा उघडला. आवाज मी ऐकला. मी गोठ्याच्या दारात सायकलला दुधाची किटली बांधत होतो. आईने चरवी खाली ठेवली नाही. उरलेली धार काढली आणि मगच उठली.

"काय झालं?"

"काय न्हाई. अंगठा अडाकला."

अंगठा त्याआधी महिन्याहून जास्त दिवस रोज सकाळी अडकत होता. हे पुढे डॉक्टरांनी विचारल्यावर कळले. घरात तिने कुणाला सांगितले नव्हते.

आमचे घर भोसरी गावात. घरात आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची बायको, जिला मी थोरली आई म्हणत असे. वडील, आई आणि मी. वडील खडकीला कारखान्यात कामाला होते. ते पहाटे निघत आणि दिवेलागणीनंतर येत. शेती आणि जनावरे आबांच्या हाती होती. मी पुण्यात एका दैनिकात बातमीदारी शिकत होतो. सकाळी पिंपरीत औषधाच्या कारखान्याच्या नव्या वसाहतीत दुधाचा रतीब घालायचा, सायकल स्टेशनजवळच्या एका ओळखीच्या दुकानापाशी लावायची आणि गाडीने पुण्याला जायचे, असा माझा क्रम होता.

आमच्या बाजूला धार अंगठ्याने काढत. अंगठा पेरातून आत मुडपायचा, त्याच्या पाठीवर सड टेकवायचा, वरून बोटे आवळायची आणि खाली ओढायचे. दाब येतो तो अंगठ्याच्या वाकलेल्या पेरावर. त्या जागी आईला घट्टा होता, थोरल्या आईलाही होता. मुली ही पद्धत माहेरी शिकून येत. अंगठा सरळ ठेवून मुठीने धार काढणारे गावात कुणी नव्हते. अंगठ्याने धार जोरात येते आणि म्हैस लवकर मोकळी होते, असे सगळे सांगत. ते खोटे नव्हते.

गोठ्यात तीन म्हशी होत्या. त्यांतल्या दोन आटत आल्या होत्या. रतीब चालला होता तो तिसरीवर. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. ती आईच्या माहेरून आलेल्या म्हशीच्या पोटची. आईने तिला रेडकू असल्यापासून वाढवले होते. घरातली एवढीच गोष्ट आईची म्हणून धरली जाई. ही म्हैस दसऱ्याच्या सुमारास व्याली आणि रेडकू काही दिवसांतच मेले. तेव्हापासून ती फक्त आईला पान्हवे. दुसरे कुणी खाली बसले की दूध वर ओढून धरी. याला पान्हा चोरणे म्हणतात.

पुढच्या काही दिवसांत आईचा अंगठा धारेत दोनदोनदा अडकू लागला. प्रत्येक वेळी ती थांबून तो ओढून सरळ करी. तेवढ्यात म्हैस पान्हा आवरून घेई. दूध कमी येऊ लागले. आबांच्या ते लक्षात आले. एका संध्याकाळी त्यांनी थोरल्या आईला धारेला बसवले. म्हशीने मागे वळून पाहिले आणि चरवीला लाथ मारली. मग आबा स्वतः बसले. त्यांनी आंबोणाची पाटी पुढे ठेवली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, तोंडाने चुचकारले.

थोरली आई म्हणाली, "ती तुमाला वळखत न्हाई. तिच्या अंगावर कवा हात फिरवलाय का आजवर?"

"तू गप."

चरवीचा तळ झाकेल एवढेही दूध निघाले नाही. आबा उठले आणि गोठ्यातच निर्णय सांगितला. "दुभती हाय तवर चाकणच्या बाजारात न्यायची. आटल्यावर कोन इचारनार हाय?"

आई दारात उभी होती. थोरल्या दिरांशी ती थेट बोलत नसे. आमच्या घरची ती रीत होती. तिला आबांना काही सांगायचे असले की ती थोरल्या आईला सांगे. आबा हाताच्या अंतरावर असत, त्यांनी ऐकलेलेही असे. तरी थोरली आई तेच शब्द पुन्हा त्यांना सांगे आणि मगच ते उत्तर देत.

"त्यांना म्हनावं, अजून धार तुटली न्हाई," आई म्हणाली.

"धार तुटली न्हाई म्हनती."

"ऐकलं मी. सक्रांतीपस्तोर बघू. दूध असंच कमी येत गेलं तर न्यायची."

त्या आठवड्यातच मी आईला चिंचवडला डॉक्टरांकडे नेले. गावाच्या हद्दीपर्यंत ती चालली. हद्द संपल्यावर सायकलच्या कॅरिअरवर बसली. येतानाही तिथेच उतरली.

डॉक्टरांनी तिला अंगठा मुडपायला आणि उघडायला सांगितले. तो अडकला. त्यांनी अंगठ्याच्या बुडाशी तळहाताकडून दाबले. आईने श्वास ओढला.

"सकाळी जास्त अडकतो?"

"व्हय."

"किती दिवस?"

"नवरातीच्या आदीपसनं."

"ही इथे गाठ आहे," डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले. "अंगठा वाकवणारी दोरी एका नळीतून जाते. दोरीला गाठ आली आहे, नळी अरुंद झाली आहे. वाकवताना गाठ बाहेर पडते. सरळ करताना नळीच्या तोंडाशी अडते. बंदुकीच्या घोड्यासारखं अडकतं आणि सुटतं."

"औषध?"

"पोटात घ्यायचं काही नाही. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलंत तर लहानसं ऑपरेशन करून नळी मोकळी करतील. किंवा अंगठा फळीला बांधून सरळ ठेवायचा. दिवसा आणि रात्री, दीड-दोन महिने. अजिबात वाकवायचा नाही. पुष्कळांना तेवढ्याने बरं वाटतं."

आईने विचारले, "आपरेशन केल्यावर धार कवा काढता यील?"

"जखम भरेपर्यंत नाही."

"मंग फळीच द्या."

डॉक्टरांनी जीभ दाबून घसा बघण्याची एक लाकडी पट्टी मोडून अंगठ्याएवढी केली, खाली कापूस घातला आणि वरून बँडेज गुंडाळले. परत येताना आईने सायकलवर मागून विचारले, "अंगठा वाकवायचा न्हाई म्हनले. धार काढायची न्हाई असं म्हनले का?"

"नाही. तसं नाही म्हणाले."

"मंग झालं तर."

पहिल्याच संध्याकाळी बँडेज दुधात भिजले. सकाळपर्यंत त्याला आंबूस वास सुटला. मांजर आईच्या पायांत घोटाळू लागले. म्हशीने त्या हाताचा वास घेतला आणि ती बाजूला सरकली. आईने बँडेज सोडले, धार जुन्या पद्धतीने काढली, हात धुतला आणि फळी पुन्हा बांधली. पुढे तसेच चालू राहिले. धार काढताना फळी सोडायची. शेण काढताना सोडायची, भांडी घासताना सोडायची, भाकरी थापताना आणि देवापुढे दिवा लावताना सोडायची. ती सोडली की स्वच्छ फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवायची. डॉक्टरांनी दिलेली वस्तू खराब होऊ नये, यावर आईचा कटाक्ष होता. ती वस्तू खरोखरच खराब झाली नाही. हात रिकामा असेल तेव्हाच ती हाताला असे, आणि आईचा हात झोपेतच रिकामा असे.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारले, "फळी कुठे आहे?"

आईने पदराची गाठ सोडून ती काढून दाखवली.

"पदराला बांधून अंगठा बरा होत नाही, बाई."

"शेनामुतात घालू का, डाक्टर? तुमची वस्तू."

"घाला की. अहो, मोडली तर दुसरी देईन."

"दुधाला वास लागतो त्या फडक्याचा. म्हस उभी ऱ्हात न्हाई."

तेव्हा डॉक्टरांना म्हशीचे कळले. धार कशी काढता, असे त्यांनी विचारले. आईने हवेत हात धरून दाखवले. अंगठा मुडपला, अडकला, आणि तो तिने त्यांच्यासमोरच ओढून उघडला. डॉक्टर म्हणाले, "ही पद्धत बंद झाल्याशिवाय काही उपयोग नाही. दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

"दुसऱ्या कुनाला देत न्हाई ती."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. मग माझ्या हातावर पेन्सिलीने खुणा करून दाखवले: अंगठ्याचे वरचे पेर वाकता कामा नये, बुडाचा सांधा आणि बाकीची बोटे मोकळी राहिली तरी चालतील. फळी कशाची आहे याला महत्त्व नाही. पाण्यात टिकेल असे काही बघा.

पहिला प्रयत्न चामड्याचा झाला. गावातल्या चपला शिवणाऱ्याकडून मी अंगठ्याला बसणारी नळी शिवून आणली. तिला मागून बंद होता आणि आत पितळी पट्टी होती. डॉक्टरांच्या फळीपेक्षा ती चांगली बसली. आई ती घालून गोठ्याकडे निघाली तेव्हा थोरली आई आडवी आली.

"धारेच्या हाताला चामडं?"

आई थांबली.

"रतिबाचं दूध हाय त्ये. लोकांच्या देवाला जातं. कुनाला कळलं तर तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

आईने वाद घातला नाही. बंद सोडला. "माझ्याबी मनात तेच हुतं," ती म्हणाली. चामड्याची नळी तिने दोन दिवस रानात खुरपताना वापरली. ओली झाली, वाळली, आणि दगडासारखी कडक झाली. मग ती खुंटीवर गेली.

नाशिक रस्त्याच्या कडेला एक म्हातारी सुपे आणि टोपल्या विणत बसे. कळकाचा बांबू तासून कामट्या काढण्यात तिचा हात चांगला होता. रविवारी आई तिच्यापुढे जाऊन बसली आणि अंगठा पुढे केला. मी बरोबर होतो.

म्हातारी म्हणाली, "आगं, सुपाचं माप सांग. अंगठ्याचं काय दावतीस?"

"अंगठ्याचीच कामटी पायजे."

"आता बोटाला बी सूप बांधायचं का?"

पण तिने काम मन लावून केले. बारीक कळकाचा एक तुकडा उभा चिरून दोन अर्धनळ्या केल्या. त्यांतली एक अंगठ्याच्या पाठीवर धरून पाहिली. कडा विळ्याने तासल्या, फुटक्या काचेने घासल्या. नळी अरुंद होती म्हणून विस्तवावर गरम करून जराशी उघडली. पहिली कामटी लांब झाली. मनगट वळवले की बुडाशी रुते. ती आईने परत दिली. दुसरी नखापाशी आखूड पडली आणि पेर वाकत राहिले. तीही परत दिली. म्हातारी वैतागली.

"नवरीला हिरवा चुडा भरताना बी येवढं परतवत न्हाईत गं!"

"चुडा मिरवायचा असतो. ह्ये घालून काम करायचं हाय."

तिसरी बसली. अंगठ्याच्या पाठीवर नखापासून बुडाच्या सांध्याच्या अलीकडेपर्यंत. आतली बाजू मोकळी, म्हणजे सडाचा स्पर्श कळेल. सुती नाडीने दोन जागी बांधायची. धुता येत होती, धुऊन लगेच कोरडी होत होती, आणि तिला वास नव्हता. आईने तशा दोन करून घेतल्या.

घरी आल्यावर थोरली आई म्हणाली, "लगीन कवा हाय अंगठ्याचं? बाशिंग तर बांधलं."

कामटी बांधल्यावर जुन्या पद्धतीने धार काढणे शक्यच नव्हते. अंगठा मुडपतच नव्हता. आईने त्या संध्याकाळी मुठीने प्रयत्न केला. दूध खाली येण्याऐवजी वर कासेत परत जात होते. तिला चूक कुठे होते ते कळत नव्हते.

पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीच्या कडेला एका सिंधी माणसाचा गोठा होता. रतीब घालायला जाताना मी तो रोज पाही. तो माणूस अंगठा बाहेर ठेवून मुठीने धार काढी. मी हे आईला सांगितले.

"मला न्हे," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. माणूस पन्नाशीचा होता, छावणीत येऊन त्याला दहा वर्षे होत आली होती. हिंदी, मराठी आणि सिंधी तो एकाच वाक्यात बोले. आईची कामटी पाहून त्याने मान हलवली.

"माई, आप लोग अंगठा मोडता. मग दवाखान्यात जाता. मी बोलतो, कशाला मोडता?"

"आमची धार जोरात येती," आई म्हणाली. "तुमचं दूध उशिरा येतं."

"उशिरा येतं, लेकिन पूरा येतं. बसा."

त्याने सड वरून बंद करायला शिकवले. आधी अंगठ्याजवळचे बोट आवळायचे, मग मधले, मग करंगळीपर्यंत एकेक. ओढायचे नाही, पिळायचे. वरचे बोट सुटले की दूध माघारी जाते. आई नेमके तेच करत होती. त्याने तिला आपल्या म्हशीखाली बसू दिले. थोडा वेळ दूध मनगटावरून ओघळले. मग एक धार नीट चरवीत पडली.

"हां!" तो म्हणाला. "आता आमच्या इथे नोकरी कर."

"पगार परवडायचा न्हाई तुमाला."

निघताना आईने त्याच्या म्हशीची कास पुन्हा निरखली. "ह्येच्या म्हशीचं सड लांब हायेत," ती मला म्हणाली. "आपल्या म्हशीचं मागचं बसतील मुठीत. फुडचं आखूड हायेत." ती तशीच परत वळली आणि त्याला विचारून आली. आखूड सड दोन बोटांच्या बेचक्यात धरायचे, अंगठा लावायचाच नाही, असे त्याने सांगितले.

नंतरचे आठवडे कठीण गेले. म्हशीला नवी पकड चालेना. तिने दोनदा चरवी लाथाडली. पुढचे सड अर्धवट राहू लागले आणि कास टणक झाली. आईने ती रात्रीच्या जेवणाआधी गरम पाण्याने शेकून पुन्हा धार काढली. दुपारी ती उंबऱ्यात बसून ओल्या फडक्याचा पीळ मुठीत धरून एकेक बोट आवळण्याचा सराव करी. तिचे मनगट सुजले. वसाहतीत मला काही घरी दूध कमी पडेल असे सांगावे लागले. एका घराने रतीब बंद केला. आईला मी ते सांगितले. तिने "बरं" म्हटले आणि फडके पुन्हा भिजवले.

मार्गशीर्ष संपता संपता चरवी पूर्वीच्या खुणेपर्यंत भरू लागली. धारेला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागे.

अंगठा मात्र पुरता बरा नव्हता. कामटी धारेत राहत होती, शेणात राहत होती, पण भाकरीच्या वेळी सुटत होती. पीठ तिच्याखाली जाऊन बसे आणि थापताना भाकरी फाटे. सकाळ-संध्याकाळ साऱ्या घराच्या भाकरी धाकट्या सुनेकडे, कालवण थोरल्या सुनेकडे, अशी वाटणी आई लग्न होऊन आली तेव्हापासूनची. ती बदलण्याचे कुणी बोलले नाही. थापताना अंगठा वाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अडकायचा.

संक्रांतीला काही दिवस असताना आबांनी गुरांच्या एका व्यापाऱ्याला घरी आणले. थोरल्या आईने अंगणातच विचारले, "दूध कमी आलं तर न्यायची म्हनला हुता. कमी आलंय का?"

"बघायला काय जातंय? बघून जाईल."

"बघायला चाकणवरनं येतंय व्हय कोन?"

व्यापाऱ्याने म्हशीचे दात पाहिले, कास चाचपली, शेपटी उचलून पाहिली. मग आईच्या धारेला समोर उकिडवा बसला.

"हाताला काय ह्ये?"

"कामटी," थोरली आई म्हणाली.

"मुठीनं काढत्यात की! भोसरीत कवापासनं?"

चरवी फेसासकट भरली. आईने ती उचलून थोरल्या आईच्या हातात दिली आणि व्यापाऱ्याकडे न पाहता बाहेर गेली. तिने थोडी धार राखून ठेवली असती तर सौदा तिथेच फिसकटला असता. तसे मी तिला नंतर विचारले. "कास बिघडली असती," एवढेच ती म्हणाली.

व्यापारी खूश होता. "म्हस चोख हाय. आता सकाळची धार मी काढनार. मग बोलू." घेणाऱ्याने एक धार स्वतःच्या हाताने काढून पाहायची, हा त्या बाजारचा नेम होता. तो रात्री आमच्याच पडवीत झोपला.

सकाळी तो धारेला बसला. म्हशीने त्याचा वास घेतला आणि अंग आवळले. त्याने अंगठ्याने काढून पाहिले, चुचकारले, पेंड मागवली, पाणी शिंपडले, आबांना म्हशीचे डोके धरायला लावले. शेवटी आदल्या संध्याकाळी पाहिलेली मूठही करून पाहिली. चरवीत काही पडले नाही. आई दाराबाहेर पदराखाली हात घेऊन उभी होती.

"जरा दम धरा," आबा म्हणाले.

"राव, सूर्य वर आला. किती दम धरू?" व्यापारी उठला. "एक सांगा. ह्या बाईबिगर कुनाला सोडती का?"

आबांनी म्हशीचे डोके सोडले. व्यापाऱ्याने थोरल्या आईकडे पाहिले.

"न्हाई," थोरली आई म्हणाली.

"मंग म्हशीसंगं बाई बी द्या की! चाकणात हिला इकली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मला जोड्यानं हानंल." त्याने रांजणावर हात धुतले, चहा घेतला आणि तो नाशिक रस्त्याने गेला.

कास भरून तटतटली होती. आई आत आली, कामटीच्या नाड्या दातांनी आवळल्या आणि खाली बसली. म्हशीने पान्हा सोडला. आबा भिंतीला टेकून धार संपेपर्यंत उभे होते. मग त्यांनी थोरल्या आईला सांगितले, "तिला इचार, अंगठा कवा बरा व्हईल म्हनला डाक्टर."

"अंगठा कवा बरा व्हईल, इचारत्यात."

"त्यांना सांगा, भाकरी सुटली तर म्हैन्यात व्हईल."

या वेळी थोरल्या आईने ते शब्द पुन्हा सांगितले नाहीत. ती चरवी घेऊन घरात गेली. दोघी जावांत नंतर काय बोलणे झाले ते मी ऐकलेले नाही. मी रतीब घालायला निघालो होतो. संध्याकाळी परत आलो तेव्हा परातीपुढे थोरली आई बसली होती आणि आई कालवण ढवळत होती. हाताला कामटी होती.

"जाड झाल्यात," आबा ताटावर म्हणाले.

"खायच्या तर खावा. कळकाची न्हाई भाकरी."

त्या दिवसापासून कामटी फक्त धुण्यापुरती सुटे. एक कामटी धुऊन वाळेपर्यंत दुसरी हातावर असे. शेण आबा फावड्याने ओढू लागले. रतीब बंद केलेल्या घराने पुन्हा दूध मागितले. मी ते सुरू केले.

शिमग्याच्या आधी मी आईला पुन्हा चिंचवडला नेले. डॉक्टरांनी नाड्या सोडल्या, अंगठा मुडपायला सांगितला, उघडायला सांगितला. असे पुष्कळ वेळा केले. आवाज आला नाही. बुडाशी दाबल्यावर गाठ बोटाला लागत होती, पण आईने श्वास ओढला नाही. आणखी काही दिवस रात्री बांधा, दिवसा नको, असे त्यांनी सांगितले. धार अंगठ्याने काढू नका, असेही सांगितले. आईने मान हलवली.

चैत्रात आबा एका शनिवारी चाकणच्या बाजाराला गेले. बरोबर त्यांनी आटलेल्या दोन म्हशींपैकी एक नेली आणि विकली. ठिपक्याची म्हैस उन्हाळाभर मुठीच्या धारेवर दूध देत राहिली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा ती आटली. ती गाभण होती. आबांनी तिचे दावे सोडून तिला गोठ्याच्या आतल्या बाजूच्या, न गळणाऱ्या पत्र्याखालच्या खुंट्याला बांधले.